पोरकीं पिल्लें आणि आपली दया

जेथें भाताची कणगी तेथें उंदीर, आणि उंदीर तेथें मांजर, हें किन्हवलीच्या मुलांस सांगावयास नको. माळ्यावर अथवा पेंढ्याच्या गंजींत डोळे न उघडलेलीं पिल्लें दिसतांच दयाळू बालक त्यांस उचलतो, गाईचें दूध पाजतो, आणि दोन दिवसांनीं रडतो. दोष दयेचा नव्हे, अज्ञानाचा आहे.

मांजरी पिल्लांस सात घरें फिरविते, असें वडील माणसें म्हणतात. तेव्हां प्रथम दुरून कांहीं तास वाट पाहावी. ती परत न आल्यासच पिल्लें पोरकीं समजावीं. तान्ह्या पिल्लास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं, म्हणून आधीं ऊब, मग अन्न. मांजरीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या सुमारें दुप्पट प्रथिनें असतात. शिवाय गाईच्या दुधानें पिल्लांस हगवण लागते. यास्तव पशुवैद्यास विचारून पिल्लांसाठीं मिळणारी दूधभुकटी आणावी. ती पिल्लास पोटावर ठेवून, थेंबाथेंबानें, दर दोन-तीन तासांनीं, रात्रींही पाजावी. उताणें पाजल्यास दूध फुप्फुसांत जातें. नंतर कोमट ओल्या फडक्यानें मागील अंग हळूच पुसावें, कारण आईच्या चाटण्यावांचून त्यास मलमूत्र होत नाहीं. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न द्यावें.

एवढें ज्याच्यानें होणार नाहीं, त्यानें दुसऱ्या जाणत्याकडे पिल्लूं सोंपवावें. पालकांनींही “टाकून ये” असें न म्हणतां रात्रीची एक पाळी स्वतः घ्यावी. तान्ह्या जीवासाठीं मोडलेली झोप मुलास जें शिकवील, तें आमच्या धड्यांनीं शिकवितां येणार नाहीं.