गोळीचा उतार

दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर शिकारीच्या गप्पाही वाढल्या जातात, आणि त्या गप्पांतली गोळी नेहमी सुतासारखी सरळ जाते. आमचे चिंचपाडा नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर. भोवती डोंगर, म्हणून इथल्या गप्पांत गोळी या टेकडीवरून त्या टेकडीवर जाते. आजोबांनी पाडलेले सांबर दर दिवाळीला शंभर मीटर मागे सरकते. सांबराची तक्रार नाही, पण गोळीची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

गोळी नळीतून सुटली की त्याच क्षणापासून पडू लागते. हातून सुटलेला दगड पडतो तशीच. जुन्या .३०३ रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने सुटते. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ती १०० मीटरवर ९ सेंटिमीटर पडते, २०० वर ३५ आणि ४०० वर १४२. अंतर दुप्पट, तर पडणे चौपट. हवा धरली तर पडणे आणखी वाढते.

मग ती लागते कशी? नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच अशा बसवलेल्या असतात की नजर सरळ राहते आणि नळीचे तोंड किंचित वर होते. ‘गोळी आधी उठते’ असे जे म्हणतात, ते एवढ्यामुळेच. ती चढते आणि पुढे ठरल्या अंतरावर नजरेच्या रेषेला येऊन मिळते. हे अंतर ठरवणे म्हणजे निशाण बसवणे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन गोळ्या झाडायच्या आणि तिन्हींचा मध्य पाहायचा. एकट्या गोळीवर भरवसा ठेवायचा नाही. मध्य डावीकडे पडला तर खाच उजवीकडे सरकवायची. माशी सरकवायची असेल तर मात्र डावीकडे.

२०० मीटरवर बसवलेली रायफल तशीच ४०० वर धरली, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी गोळी जवळजवळ ७० सेंटिमीटर खाली जाते. छातीवर नेम धरावा आणि पाय मोडावा, असा हा प्रकार. डोंगरात आणखी एक मेख आहे. चढावर मारा की उतारावर, गोळी अपेक्षेपेक्षा वरच लागते, कारण पडण्याचा हिशेब आडव्या अंतराचा असतो. ३० अंशांच्या उतारावरचे ३०० मीटर गोळीच्या लेखी २६० च. शिवाय ४०० मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकते.

आता गंमत पाहा. तीरकामठ्याच्या तीराचा वेग सेकंदाला ४५ मीटर धरला, तर २० मीटरवर तो सुमारे ९७ सेंटिमीटर पडतो. .३०३ ची गोळी हवेशिवायच्या हिशेबाने एवढी पडायला ३३० मीटर लागतात. म्हणजे रायफलवाल्याला जो उतार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भेटतो, तो आमच्या भिल्ल आणि मावची मुलांना अंगणातच भेटत आला.

एका वृद्ध मावची गृहस्थांना मी विचारले, “बाबा, पूर्वी लांबून का मारत नसत?”

ते म्हणाले, “लांबून मारलेला जीव हाती लागत नाही, भाऊ. रानात जाऊन कुढत मरतो. आमचा बा म्हणायचा, डोळा दिसला तर मार, नाहीतर घरी ये.”

बंदुकीच्या विद्येचा अर्धा भाग या एका वाक्यात आला. नळी किती लांब मारते याला महत्त्व नाही. आपण किती अंतरापर्यंत खात्रीने मारू शकतो, याला आहे. वाघ नरभक्षक होतो तो बहुधा जखमांमुळे, आणि त्यांतल्या कित्येक जखमा निष्काळजी गोळीच्या असतात, असे जिम कॉर्बेटने १९४४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. नेम चुकवणारा घरी जाऊन जेवतो. किंमत मोजतो तो लाकडे आणायला रानात गेलेला माणूस.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, हे उत्तमच झाले. विद्या मात्र मेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. छोट्या .२२ ची गोळी तेवढ्या अंतरात सुमारे ११ सेंटिमीटर पडते, म्हणजे वर्तुळाच्या दहापट! तरी ती वर्तुळात बसते, कारण उतार आधी मोजलेला असतो.

म्हणून माझे मागणे एवढेच. ज्या मुलांना हा उतार कामठ्यावर कळला आहे, त्यांच्या वाट्याला एखादे बंदिस्त मैदान, एक चांगली रायफल आणि एक जाणता शिक्षक यावा. तिथे कागदाच्या वर्तुळाला कितीही भोके पडोत, रानात कोणी कुढत मरणार नाही.