पदवी परदेशात, रुग्ण मायदेशात

पहाटे पाचच्या सुमारास एका शेतमजूर बाईंना घेऊन नातेवाईक रुग्णालयात आले. रात्री त्या जमिनीवर झोपल्या होत्या. पहाटे पोटात दुखू लागले, मग घोटभर पाणीही गिळता येईना. अंगावर चावल्याची खूण कुठेच नव्हती. ड्युटीवर असलेला, आंतरवासिता करणारा तरुण डॉक्टर पित्ताचे इंजेक्शन लिहायला लागला होता. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, यांच्या पापण्या बघा. उघडत नाहीत.’’ मण्यार चावली होती. प्रतिविष वेळेत सुरू झाले आणि बाई वाचल्या.

दुपारी तो मला म्हणाला, ‘‘सर, मण्यारीवरचा प्रश्न मी परीक्षेत बरोबर सोडवला होता. पण असा रुग्ण आज पहिल्यांदा बघितला.’’ हा मुलगा मराठवाड्यातला. शिक्षण किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये. हुशार, कष्टाळू आणि त्या दिवशी चांगलाच हादरलेला.

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची चर्चा निघाली की एक आकडा हमखास पुढे येतो. तो म्हणजे ‘एफएमजीई’ या चाचणी परीक्षेचा निकाल. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही जून २०२३ मध्ये दहापैकी साधारण एकच जण उत्तीर्ण झाला. त्यानंतर निकाल सुधारला, पण २०२४ मध्येही चारपैकी जवळपास तिघे नापासच झाले. यावरून ‘ही मुलेच कच्ची’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. तो अर्धवट आहे.

ही मुले जातात का, ते आधी पाहू. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढे शुल्क असू शकते. तेवढे एक-दोन वर्षांचे पैसे घातले तर तिकडे अख्खी पदवी होते, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. शेत गहाण पडते, कर्ज निघते, मुलगा विमानात बसतो.

तिथे नेमके काय घडते? त्या तरुणाने सांगितले ते असे. वर्गात इंग्रजी. पहिली दोन वर्षे शरीररचना, जीवरसायन वगैरे विषयांत फारसे अडले नाही. तिसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाले आणि भिंत उभी राहिली. रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलणारे. ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ एवढे विचारता येऊ लागले, पण उत्तर कळायचे नाही. आजीबाई दहा मिनिटे सांगत आणि प्राध्यापक त्याचे दोन इंग्रजी वाक्यांत भाषांतर करत. एका खाटेभोवती पंधरा मुले. हात लावायची पाळी क्वचितच यायची.

वैद्यकशास्त्रात निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या बोलण्यातूनच हाती लागतो. ‘छातीत धडधडतंय’ आणि ‘छातीत भरून आलंय’ यांतला फरक पुस्तकात सापडत नाही. तो शेकडो रुग्णांशी बोलून कानात बसतो. ज्याला रुग्णाची भाषा येत नाही, त्याची ही तालीम होतच नाही. भाषा मन लावून शिकलेली मुलेही असतात आणि ती या अडचणीतून बऱ्यापैकी बाहेर पडतात. पण ते त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले असते.

दुसरा मुद्दा आजारांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये किर्गिझस्तान हिवतापमुक्त असल्याचे जाहीर केले. मण्यार तिथे नाही. उलट औषधांना दाद न देणारा क्षयरोग तिथली मोठी समस्या आहे. तो बारकाईने पाहिलेला विद्यार्थी आपल्याकडे उपयोगीच पडेल. म्हणजे तिथले शिक्षण वाईटच असते असे नव्हे. ते तिथल्या रुग्णांसाठी आखलेले असते.

ही उणीव सरकारलाही मान्य आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि परतल्यावर इथेही १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. युक्रेनच्या युद्धामुळे शेवटच्या वर्षातून परतलेल्यांना २०२३ मध्ये एक विशेष परीक्षा देण्याची संधी दिली गेली, पण त्यानंतर दोन वर्षांची आंतरवासिता ठेवली गेली. हुकलेले रुग्ण पडद्यावरच्या तासांनी भरून निघत नाहीत, याचीच ही कबुली.

मग इथले ते वर्ष तरी कसे जाते? बरेचदा रक्ताचे नमुने नेण्यात, केसपेपर भरण्यात आणि रात्रपाळीत. आधी काय पाहिले, काय राहिले, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सुधारणेची खरी जागा हीच आहे. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची वॉर्डातली चाचणी घ्यावी. सर्पदंश, विंचूदंश, डेंग्यू, अवघड बाळंतपण, कुपोषित बालक यांतले काय प्रत्यक्ष हाताळले आहे, याची नोंद करावी आणि उरलेले वरिष्ठांच्या देखरेखीखाली करून घ्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१९ च्या कायद्यात सर्वांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा ठेवली आहे. ती लागू झाली तर देशातल्या महाविद्यालयांनाही त्याच फूटपट्टीने मोजता येईल, आणि ते न्याय्य ठरेल.

पालकांनी एजंटाला शुल्क आणि वसतिगृहातले भारतीय जेवण याआधी चार प्रश्न विचारावेत. रुग्णालय महाविद्यालयाचे स्वतःचे आहे का? तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रोज किती रुग्ण पाहतो? स्थानिक भाषा किती वर्षे शिकवतात? ही पदवी घेऊन त्याच देशात डॉक्टरकी करता येते का? हा शेवटचा प्रश्न आयोगाच्या नियमातलाच आहे. याशिवाय परीक्षा मंडळाने महाविद्यालयनिहाय निकाल प्रसिद्ध केलेले आहेत. ते पाहिल्याशिवाय शेताच्या कागदावर सही करू नये.

तो तरुण आता रोज पहाटे वॉर्डात एक फेरी जास्त मारतो. नव्या रुग्णाशी बोलताना आधी त्याच्या पापण्यांकडे बघतो. हे त्याला सहा वर्षांत कुणी शिकवले नव्हते. एका सिस्टरने एका वाक्यात शिकवले. पण दर वेळी शेजारी अशी सिस्टर असेलच, या भरवशावर राज्याची आरोग्यव्यवस्था चालवता येणार नाही.