निमेसुलाइडवर बंदी आली, पण नेमकी कोणत्या गोळीवर? स्ट्रिपचा क्यूआर कोड हे सांगत नाही

‘निमेसुलाइडवर बंदी’ ही हेडलाइन तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल. पूर्ण बातमी थोडी वेगळी आहे. २९ डिसेंबर २०२५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पोटात घ्यायच्या, लगेच विरघळणाऱ्या आणि १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निमेसुलाइड असलेल्या औषधांवर बंदी घातली. कारण आहे लिव्हरला होणारा धोका. मेडिकलवर मिळणारी नेहमीची गोळी १०० चीच असते, म्हणजे ती चालूच आहे. पण त्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, की बंदी घातलेला डोस तुम्ही घरीच तयार केला! १२ वर्षांखालच्या मुलांना तर ही गोळी २०११ पासूनच मना आहे.

मी कंधारचा. आमच्याकडे कुणी निमेसुलाइड मागत नाही, ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हणतात. खरी अडचण इथंच आहे, कारण अंगदुखीच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात.

पाय मुरगळला की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. त्यांच्यामुळे सूज येते आणि नसा जास्त संवेदनशील होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही मंडळी ती रसायनं बनवणारं एन्झाइमच अडवतात. दुखणं थांबतं. पण हीच रसायनं पोटाचं अस्तर सांभाळतात आणि अंगात पाणी कमी पडलं तर किडनीचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. आता मे महिन्यातलं कंधार डोळ्यांपुढे आणा. पारा ४० च्या वर, माणूस दिवसभर शेतात, पाणी जेमतेम, आणि संध्याकाळी उपाशीपोटी एक गोळी. म्हणजे किडनीला ज्या दिवशी आधार हवा, नेमका त्याच दिवशी तो काढून घेतला. मला बंदीपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदूत चालतं. ताप उतरतो, दुखणं कमी होतं, सुजेवर फारसा परिणाम नाही. पोटाला ते सौम्य, पण जास्त झालं की लिव्हरवर बेततं. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, आणि दारू किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहून कमी. ट्रामाडॉलसारखी औषधं वेगळ्याच जातीची. ती मेंदू आणि मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप दाबतात, सवयही लावतात, म्हणून २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

मग फोन कुठे कामाला येतो? १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे. डोलो, मेफ्टाल त्यातच येतात. स्कॅन केलं की औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्सपायरी, लायसन्स नंबर दिसतो. नकली माल ओळखायला हे झकास. पण तुम्ही आज आधी काय घेतलंय, हे त्या कोडला कसं कळणार?

उदाहरण घ्या. डोलो ६५० म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि सोबत पॅरासिटामॉल ३२५. एक तापाची, एक अंगदुखीची म्हणून दोन्ही घेतल्या, तर पॅरासिटामॉल झालं ९७५. म्हणून स्ट्रिपच्या मागे ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात जे घटक लिहिलेले असतात, त्यांचा फोटो काढून झूम करा. दोन स्ट्रिपवर एकच नाव दिसलं, तर दुसरी गोळी घेण्याआधी फार्मासिस्टला विचारा.

गोळी घेतल्यावर काळी शी झाली, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर थेट दवाखाना गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर रुग्ण स्वतःही करू शकतो.