घरकुल मिळालं, पण दाराला गोधडी

परवा दुसऱ्याच एका बातमीसाठी घाटाखालच्या गावात गेलो होतो. दुपारचे दोन वाजलेले. नवंकोरं घरकुल, वर टिनं, समोरच्या भिंतीवर योजनेचं नाव रंगवलेलं. आणि दाराला, खिडकीला आतून गोधड्या टांगलेल्या!

गोधडी बाजूला करून आत गेलो. कोपऱ्यात अकरा-बारा वर्षांचा पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. मी आत आलो तेव्हा जेवढा उजेड सोबत आला, तेवढ्यानंही त्यानं डोळ्यांवर हात घेतला. त्याची माय म्हणाली, "दार उघडलं त याचे डोये दुखतात भाऊ, अन् लावलं त आमचा जीव घाबरते. आता तुमीच सांगा, काय करू?"

मित्रांनो, हे कोड नाही. याला अल्बिनिझम म्हणतात. जन्मापासून शरीरात रंगद्रव्य नसतं किंवा फार कमी असतं. बुबुळाचा पडदा उजेड अडवू शकत नाही, म्हणून तो डोळ्यात सगळीकडून घुसतो. पडद्याचा नेमका मधला भाग नीट घडलेला नसतो, म्हणून चष्मा लावूनही नजर पुरती सुधारत नाही. कातडी उन्हात भाजते, पुढे कर्करोगाचा धोका असतो. संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा दिवस या लोकांसाठी ठरवला आहे. आपल्याकडे काय? गावातली पोरं त्याला 'इंग्रज' म्हणून चिडवतात.

पण माझं भांडण पोरांशी नाही. माझं भांडण त्या घराशी आहे.

घराचं दार पश्चिमेला. एकुलती एक खिडकीही पश्चिमेलाच. ओसरी नाही, छज्जा वीतभर. आत पांढराशुभ्र ऑइलपेंट, खाली चकचकीत फरशी, छताच्या मधोमध उघडा एलईडी बल्ब. दुपारी तीननंतर सूर्य थेट घरात येतो आणि भिंतीवरून, फरशीवरून परत डोळ्यात मारतो. वरून मे महिन्यातलं तापलेलं टिन. या पोराला उजेड आणि हवा यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. सरकारी पैशातून बांधलेल्या घरात!

पाया खणताना बापानं विचारलं होतं, "दार उत्तरेला ठेवू का?" जागा होती, वाटही होती. उत्तर मिळालं, "नकाशात नाही. हप्ता अडकेल."

हे उत्तर साफ चुकीचं आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही कुठलाही एकच नकाशा लादत नाही. योजना सांगते की घर लाभार्थ्यानंच बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही आणि स्थानिक हवामान, साहित्य बघून वेगवेगळे नमुने त्याच्यापुढे ठेवायचे. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट हवं. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं तर राज्याराज्यांच्या हवामानाला जुळणाऱ्या घरांचा 'पहल' नावाचा संग्रहच काढला. पहल म्हणजे प्रकृती, हुनर, लोकविद्या. आता छातीवर हात ठेवून सांगा, तुमच्या ग्रामसभेत कुणी असा एक तरी नमुना दाखवला का?

काही जण म्हणतील, "पत्रकार साहेब, १ लाख २० हजारात घर उभं राहत नाही, तुम्ही डोळ्यांचे लाड सांगता." पैसे कमी आहेत, एकदम मान्य. पण दार कुठल्या दिशेला ठेवायचं, याला पैसे लागत नाहीत. उत्तरेकडून येणारा उजेड बहुतेक वर्षभर मऊ असतो. दक्षिणेचं ऊन दोन फुटांचा छज्जा बऱ्यापैकी अडवतो. पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्ज्याला जुमानत नाही. तिथे भिंत बंद ठेवा किंवा जाळीची वीट लावा. हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींत वर झरोके ठेवा. नुसत्या काचेवर विसंबू नका, साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो.

जागाच अरुंद असेल तर दारापुढे पऱ्हाट्यांचा कूड उभा करा. कापसाच्या जिल्ह्यात पऱ्हाटी विकत आणायची वेळ येत नाही. मग माणूस कडक उन्हातून आधी सावलीत येतो आणि तिथून घरात. डोळ्यांना सवय व्हायला वेळ मिळतो. छतावर चुना मारा म्हणजे घर तापणार नाही. समोरच्या भिंतीला मात्र माती किंवा गेरू लावा, पांढरा रंग डोळ्यावर येतो. आत ऑइलपेंट नको. बल्ब पिवळसर घ्या आणि आडोशाला असा लावा की उजेड भिंतीवर पडेल, डोळ्यात नाही. पायरीच्या कडेला गडद पट्टा ओढा, कमी दिसणाऱ्याला ठेच लागणार नाही.

यात नवीन काय आहे? आपल्या आज्याच्या धाब्याच्या घरात दुसरं काय होतं? हात-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, पुढे ओसरी, खाली शेणाचं सारवण. भर उन्हाळ्यात आत थंडावा आणि डोळ्यांना निवांतपणा. ते घर आपण 'मागास' म्हणून पाडलं आणि त्या जागी टिनाची भट्टी उभी केली.

"एका पोरासाठी एवढं?" असंही कुणी विचारेल. एका पोरासाठीसुद्धा करायलाच हवं. पण तो एकटा नाही. अर्धशिशीचे रोगी आहेत, डोळ्याला आतून सूज येणारे आहेत, ल्युपसचे रोगी आहेत, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आपली म्हातारी माणसं आहेत.

आणि कागद? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३७ व्या कलमात घरांच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. कायद्याच्या २१ प्रकारांत अल्बिनिझमचं वेगळं नाव नाही, 'कमी दृष्टी'तून जावं लागतं. तिथे तक्त्यावरची अक्षरं आणि नजरेचा घेर मोजतात. उन्हात डोळे उघडतात की नाही, हे कोण मोजतं?

म्हणून माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. पहिला हप्ता देण्याआधी घरात कुणाला डोळ्यांचा, कातडीचा त्रास आहे का, एवढं विचारा. घरांचे नमुने ग्रामसभेत भिंतीवर लावा. आणि "नकाशात नाही" म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागा. लेखी कुणी देणार नाही, कारण तसा नियमच नाही.

त्या घराची पश्चिमेची खिडकी बुजवून उत्तरेला दार काढायला एक गवंडी आणि दोन-तीन दिवस पुरतील. त्याच गावातला एक गवंडी मजुरी न घेता यायला तयार झालाय. जुनी चौकट, थोड्या विटा, गाडीभर पऱ्हाट्या कुणाकडे असतील तर मला फोन करा. पोस्ट शेअर केली तर चांगलंच, पण आधी चौकट बघा.