मिशनची सेवा आणि आपलें कर्तव्य

मिशन हा शब्द उच्चारतांच आपल्या गांवांतील सुशिक्षित मंडळींत दोन तट पडतात. एका तटास मिशनरी म्हणजे भाकरीच्या तुकड्यावर धर्म विकत घेणारा सौदागर वाटतो. दुसऱ्या तटास तो करुणेचा पुतळा वाटतो. दोन्ही मतें सोयीचीं आहेत, कारण दोहोंपैकीं कोणतेंही धरलें तरी आपणांस स्वतः कांहीं करावें लागत नाहीं. निंदकाचें काम निंदेनें संपतें आणि स्तुतिपाठकाचें स्तुतीनें. आम्हांस आज या प्रश्नाचा विचार तिसऱ्याच बाजूनें करावयाचा आहे. मिशननें काय केलें, कोठें तें चुकलें, आणि जें त्यानें केलें तें करण्याची पाळी परक्यावर कां आली?

चांदूर बाजारच्या पेठेस हा प्रश्न दूरचा नाहीं. येथून परतवाडा जवळ, आणि परतवाड्याशेजारीं कोठारा येथें कुष्ठरोग्यांचें रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कोरकू लोकांत काम करणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांनीं त्याचा पाया घातला. पुढें हें काम लेप्रसी मिशन या संस्थेकडे आलें. ती संस्था वेलस्ली बेली नांवाच्या एका आयरिश गृहस्थानें १८७४ सालीं स्थापिली. ज्या रोग्यास स्वतःच्या घरांतून व गांवांतून बाहेर काढण्यांत येत असे, त्याच्यासाठीं या भागांत पहिली खाट टाकणारे लोक आपल्यापैकीं नव्हते. ही गोष्ट कोणास आवडो वा न आवडो, ती नाकारतां येत नाहीं.

ख्रिस्ती म्हणजे सारा एकच समाज, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती बरोबर नाहीं. कोठाऱ्याचे मिशनरी वेगळे आणि इंग्लंडच्या राजाचें जें अधिकृत चर्च, त्या अँग्लिकन पंथाचे मिशनरी वेगळे. या पंथाच्या व्यवस्थेंत वऱ्हाड हा नागपूरच्या धर्मप्रांताचा भाग होता. एअर चॅटर्टन हे १९०३ सालीं तेथील पहिले बिशप झाले. परंतु वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतील काम मुख्यतः अमेरिकन व इतर मिशनांकडेच राहिलें. मराठी मुलखांत अँग्लिकन लोकांनीं काय केलें तें पाहण्यास नाशिक, नगर, पुणें व औरंगाबाद येथें गेलें पाहिजे. पुढें १९७० सालच्या नोव्हेंबरांत नागपुरासच सहा पंथ एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संस्था निर्माण झाली आणि अँग्लिकन पंथ तींत विलीन झाला. तेव्हां आज ज्यास कोणी ‘साहेबाचें चर्च’ म्हणतो, त्याचे बिशप, पाद्री व सभासद हे सारे आपलेच देशबांधव आहेत, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

नाशिकजवळचें शरणपूर हें या कामाचें एक नामांकित उदाहरण. चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ च्या सुमारास तें गांव वसविलें. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें पकडून इंग्रजी आरमारानें ज्या आफ्रिकन मुलांची सुटका केली, त्यांपैकीं पुष्कळांस येथें आणून अक्षरओळख, सुतारकाम व लोहारकाम शिकविण्यांत आलें. त्यांतीलच जेकब वेनराईट हा तरुण १८७२ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या मदतीस आफ्रिकेंत गेला. पुढल्याच वर्षीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोंचविणाऱ्या तुकडींत तो होता, आणि १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरांतील अंत्यविधीसही तो हजर होता. गोदावरीच्या कांठीं शिकलेल्या, गुलामगिरींतून सुटलेल्या मुलास ही योग्यता आली ती कशानें? त्याच्या हातीं कोणी तरी पुस्तक व हत्यार दिलें म्हणून. त्याच काळीं आपल्या गांवांतून महार-मांगांच्या मुलांस पंतोजीच्या ओट्यावरही चढूं देत नसत.

पुण्याच्या गुरुवार पेठेंतील पंचहौद मिशनची कथा तर सर्वश्रुत आहे, पण तिचें मर्म थोड्यांनीं घेतलें. तेथें अँग्लिकन साधु व साध्वी यांनीं शाळा व अनाथगृह चालविलें होतें. १८९० सालच्या ऑक्टोबरांत तेथें व्याख्यानास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. गोपाळराव जोशी यांनीं त्यांचीं नांवें छापवून प्रसिद्ध केलीं आणि सारें पुणें हादरलें. शंकराचार्यांनीं चौकशी नेमली. रानडे व टिळक यांच्यासारख्यांसही प्रायश्चित्त घेणें भाग पडलें. पेला ओठास लागला कीं नुसता हातांत धरला, याचा कीस महिनेचे महिने काढण्यांत आला. परंतु त्याच आवारांत वाढणारीं अनाथ मुलें कोणाचीं, आणि तीं आपल्या वाड्यांत कां नाहींत, हा प्रश्न त्या गदारोळांत कोणास सुचला नाहीं. समाजाची ही दृष्टि अजून पुरती बदलली आहे, असें म्हणण्यास आमचें धैर्य होत नाहीं.

मात्र मिशनच्या बाजूचा दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. तरी चर्चच्या मंडळींनीं सांगितलेलें प्रत्येक मत मुकाट्यानें मानावें, हें त्या स्वतंत्र बुद्धीच्या स्त्रीस रुचलें नाहीं, व तिचा त्या मंडळींशीं तीव्र वाद झाला. ज्यानें आश्रय दिला त्यास आश्रिताच्या बुद्धीवरही सत्ता हवीशी वाटते, हा सेवेंतील मोठा धोका आहे. पुढें रमाबाईंच्याच शारदा सदनांतील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत म्हणून १८९३ सालीं रानडे-भांडारकरांसारखे सहानुभूतीचे लोकही त्या संस्थेपासून दूर झाले. विश्वास एकदां तुटला म्हणजे चांगल्या कामासही संशयाची कीड लागते.

हा प्रश्न अत्यंत निकराला आला तो आपल्याच नागपूरच्या धर्मप्रांतांत. जॅक विन्सलो या नगरच्या अँग्लिकन मिशनऱ्यानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. साहेबी थाट टाकून खादी नेसावी, मांडी घालून जेवावें, हिंदी साधूप्रमाणें राहावें, असा त्याचा बाणा होता. १९२७ सालीं या संघांत व्हेरिअर एल्विन हा तरुण इंग्रज पाद्री आला. तो गांधीजींच्या सहवासांत आला, आणि वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या सल्ल्यानें १९३२ सालीं शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्यासह मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें गोंडांच्या वस्तींत जाऊन राहिला. त्या दोघांनीं शाळा काढल्या, औषधें वांटलीं, कुष्ठरोग्यांस आसरा दिला. परंतु कोणास बाप्तिस्मा देण्याचें मनांत आणलें नाहीं. तेव्हां नागपूरचे बिशप अॅलेक्स वुड यांनीं धर्मप्रचाराचा व राजनिष्ठेचा प्रश्न काढून एल्विनला पाद्रीपणाचा परवाना नाकारला. शेवटीं १९३५ सालीं एल्विननें चर्चच सोडलें.

यांतून काय निष्पन्न होतें? ज्या माणसानें ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणें रोग्याच्या जखमा धुतल्या, त्यास चर्चमध्यें जागा राहिली नाहीं, कारण त्यानें सेवेच्या बदल्यांत माणसें मोजून दिलीं नाहींत. आमच्या मतें येथें परीक्षा एल्विनची झाली नाहीं, चर्चची झाली. सेवेस जेव्हां मोबदला चिकटतो, मग तो धर्मांतराचा असो, मताचा असो वा मानमरातबाचा असो, तेव्हां ती सेवा राहत नाहीं. तो व्यवहार होतो. आमच्या व्यापारी वाचकांस सौदा आणि दान यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेंही हा प्रश्न हातीं घेतला. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रदेश राज्यांत होतें. त्या सरकारनें १९५४ सालीं नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. तिचा अहवाल १९५६ सालीं आला. औषधोपचार वगैरे सेवांचा उपयोग धर्मांतरासाठीं करण्यास कायद्यानें बंदी असावी, अशी तिची एक शिफारस होती. दुखणाईत माणसाच्या लाचारीचा फायदा घेऊं नये, हें तत्त्व आम्हांसही मान्य आहे. परंतु दुसरी बाजू विसरतां कामा नये. घटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. आणि ‘आमिषानें ख्रिस्ती झाले’ असें ज्या अस्पृश्यवर्गीय कुटुंबांविषयीं म्हणतात, त्यांस १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलें आहे. तो आदेश १९५६ सालीं शिखांसाठीं व १९९० सालीं बौद्धांसाठीं सुधारला, ख्रिस्त्यांसाठीं नाहीं. जेथें धर्म बदलल्यानें सवलत जाते, तेथें केवळ लोभानें लोक धर्म बदलतात हें म्हणणें हिशेबास टिकत नाहीं. मान मिळाला नाहीं म्हणून माणसें गेलीं, हेंच बहुतेक ठिकाणीं खरें कारण आहे, आणि त्यास कायदा हें औषध नव्हे.

औषध कोणतें, तें याच वऱ्हाडानें दाखविलें आहे. गाडगेबाबांनीं पूर्णाकांठच्या ऋणमोचनच्या यात्रेंत आंधळ्या-पांगळ्यांस व कुष्ठरोग्यांस अन्नवस्त्र दिलें, त्यांची जात विचारली नाहीं, आणि बदल्यांत नमस्कारही घेतला नाहीं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं अमरावतीजवळ कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन उभारलें. डॉ. पंजाबराव देशमुखांनीं श्रद्धानंद छात्रालयांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसविलीं. या थोर पुरुषांनीं मिशनवर टीका करण्यांत वेळ घालविला नाहीं. मिशनचें काम मिशनहून चांगलें करून दाखविलें. टीकेचा याहून उत्तम प्रकार आम्हांस ठाऊक नाहीं.

पण थोर पुरुषांचीं नांवें घेऊन आपली सुटका होत नाहीं. कुष्ठरोग हा प्रजेच्या आरोग्याचा मोठा प्रश्न उरला नाहीं असें सरकारनें २००५ सालीं जाहीर केलें, तरी देशांत दरवर्षीं एक लाखाच्या आसपास नवे रोगी सांपडतात. औषधानें हा रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. असें असतां रोगी दवाखान्यांत उशीरा येतो तो रोगास भिऊन नव्हे, शेजाऱ्यास भिऊन. या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यांतील तरतूद काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावें लागलें, यावरून समाजाचें मन किती सावकाश वळतें तें दिसेल. दुसरीकडे मेळघाटांतील कोरकू कुटुंबें हंगामांत मजुरीसाठीं खालच्या मुलखांत उतरतात. संत्र्याच्या बागांत आणि कपाशीच्या वावरांत ते राबतात, धुऱ्यावर पाल ठोकून राहतात, आणि त्यांचीं मुलें तितके महिने शाळेस मुकतात. मेळघाटांतील बालमृत्यूंच्या बातम्या वाचून आपण हळहळतों. पण तींच मुलें आपल्या बागेच्या बांधावर बसलेलीं असतां आपण त्यांस पाहत नाहीं.

आम्ही चांदूर बाजारच्या व्यापारी व बागाईतदार मंडळींपुढें एक साधी सूचना ठेवतों. पूर्वीं अडत्यांच्या वह्यांत ‘धर्मादाय’ हें सदर असे. गाडीमागें कांहीं आणे त्यांत पडत. १८९७ सालच्या कापूस व धान्य बाजारांच्या कायद्यापासून वऱ्हाडच्या बाजारांस नियम लागले, आणि शेतकऱ्याच्या मालांतून मनमानी कपात करण्याचे दिवस गेले, हें योग्यच झालें. पण कपातीबरोबर दानाची संवय कां जावी? शेतकऱ्याच्या मालांतून नव्हे, स्वतःच्या नफ्यांतून प्रत्येक दुकानदारानें हंगामागणिक ठराविक रक्कम बाजूस काढावी. तींतून स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठीं हंगामी शाळा व एक वेळचें जेवण, आणि कुष्ठरोगाच्या तपासणीसाठीं आठवडी बाजाराच्या दिवशीं एक केंद्र, एवढीं दोनच कामें प्रथम हातीं घ्यावीं. हिशेब दर तीन महिन्यांनीं फळ्यावर लावावा. या कामांत जो येईल तो घ्यावा : वारकरी येवो, मौलवी येवो, बौद्ध विहारांतला तरुण येवो वा चर्चचा पाद्री येवो. कोठाऱ्याच्या डॉक्टरांचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. तो मागण्यांत आपणांस कमीपणा नाहीं.

चर्चच्या मंडळींसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. परकी राजसत्ता गेली, परकी थैली आटली. आतां आपल्या सेवेची साक्ष देण्यास आपलें शीलच काय तें उरलें आहे. रुग्णाच्या उशाशीं धर्माची गोष्ट काढूं नये. शाळेच्या दारांत नांवाबरोबर पंथ लिहूं नये. आणि चर्चच्या बांकावर अजूनही जात पाहून जागा धरली जात असेल, तर ती प्रथम मोडावी. एल्विन व हिवाळे यांस ज्या चर्चनें आपलें म्हटलें नाहीं, त्या चर्चच्या वारसांनीं त्यांचें काम आपलें म्हणावें, यांत त्यांची शोभा आहे.

परक्यानें आपल्या दाराशीं पडलेलें माणूस उचललें म्हणून त्याच्यावर रागावणें सोपें आहे. तें माणूस आपल्या दाराशीं पडूं दिलें याचा जाब देणें कठीण आहे. येत्या हंगामांत पहिला आंबिया बहार बाजारांत येईल, तेव्हां त्याच्या नफ्याच्या वहींत हें नवें सदर उघडलेलें आम्हांस पाहावयाचें आहे. तें उघडेल तर मिशनविषयींचा आपला पुष्कळसा वाद आपोआप मिटेल. न उघडेल तर निदान तो वाद करण्याचा अधिकार तरी आपण सोडून द्यावा.