उघड्या कार्डावरचा जय भीम

1990 च्या सुमारास पोस्टकार्ड 15 पैशांना मिळे. मुंबईत कामाला असलेला आमचा माणूस गावच्या मित्राला त्यावरच खुशाली कळवी. माथ्यावर ‘श्री’ नव्हे, ‘सप्रेम जय भीम’. पत्त्यात नावाआधी ‘आयु.’. कार्ड उघडे. पोस्टमन वाची, वाटेत ज्याच्या हाती पडे तोही वाची. गावात चारचौघांत जय भीम म्हणताना दबकणारे मित्र आम्ही पाहिले; कार्डावर मात्र तेच ठळक अक्षरात लिहीत! पाकीट महाग पडे, हे खरेच. पण झाकायचे तरी कशाला?

बाकी मजकूर साधाच. पाऊस, पोरांची शाळा, ‘6 डिसेंबरला दादरला ये, चैत्यभूमीच्या रांगेत भेटू’. घरात वाचता येणारे शाळकरी पोर ते सर्वांना वाचून दाखवी.

वाचकहो, आईच्या पेटीत अशी कार्डे असतील, तर रद्दीत घालू नका. नातवंडांकडून मोठ्याने वाचून घ्या.