अर्ध्या पेनीचा करार

जॅक नावाचा एक मुलगा चहाच्या वेळी केक हादडत होता. असाच खात राहिलास तर उद्या आजारी पडशील, असे आईने बजावले. मी आज रात्रीच पडणार आहे, असे उत्तर देऊन तो खातच राहिला. नाटककार जेम्स बॅरी यांनी हे उत्तर १९०३ च्या 'लिट्ल मेरी' या आपल्या नाटकात घातले आणि दर प्रयोगामागे जॅकला अर्धी पेनी देऊ केली. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून असेल, पण बॅरींच्या चरित्रातली हीच नोंद मला सर्वांत आवडते.

या मैत्रीची सुरुवात १८९७ साली लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये झाली. बॅरी आपला धिप्पाड कुत्रा पोर्थोस याला घेऊन तेथे फिरायला येत. लूएलिन डेव्हिस कुटुंबातले जॉर्ज आणि जॅक हे भाऊ दाईबरोबर येत. धाकटा पीटर तेव्हा बाबागाडीत होता. बॅरी त्यांना कान हलवून दाखवीत आणि गोष्टी सांगत. तान्हा पीटर उडू शकतो, ही त्यांतलीच एक गोष्ट. १९०१ च्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या ब्लॅक लेक तळ्याकाठी ही मंडळी चाचे-चाचे खेळली. बॅरींनी त्याचे फोटो काढून पुस्तक केले. प्रती दोनच! त्यांतली एक मुलांच्या वडिलांनी आगगाडीत हरवली. पुढे २७ डिसेंबर १९०४ रोजी 'पीटर पॅन' रंगभूमीवर आले.

मुलांपासून बॅरींना 'स्फूर्ती' मिळाली, असे म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. स्फूर्ती फुकट मिळते. ही तर उघड भागीदारी होती. गोष्ट बॅरींनी सांगायची, मुलांनी ती बदलायची, बॅरींनी ती बदललेली पुन्हा सांगायची. आपल्याकडे गॅदरिंगला होणाऱ्या बालनाटिकांत मुले बहुधा मोठ्यांनी लिहिलेला उपदेशच घोकून म्हणतात. लिहिण्यापूर्वी एका तरी मुलाबरोबर कोणी चाचे-चाचे खेळले असेल काय?

परंतु या भागीदारीत एक रक्कम नोंदवायची राहून गेली. आईवडील वारल्यावर पाचही भावांना बॅरींनीच वाढवले आणि १९२९ साली नाटकाचे हक्क लंडनमधल्या मुलांच्या इस्पितळाला दिले. माणूस कंजूस नव्हता. तरी जॅकच्या वाक्याचा करार झाला, पीटरच्या नावाचा झाला नाही. ते नाव पीटरला जन्मभर जाचले. शाळेत मुले चिडवीत. १९६० साली त्याने जीव दिला, तेव्हाही वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पीटर पॅनच होता.

हे मी दुरून लिहीत नाही. गेल्या वर्षीच्या माझ्या एकांकिकेत आमच्या गल्लीतला एक मुलगा होता. लगोरी रचताना तो 'एक, दोन, मूरु, नाल्कु' असे मोजायचा. मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचा. मी ते जसेच्या तसे उचलले, त्याच्या टोपणनावासकट. सभागृहात हशा पिकला, मला बक्षीस मिळाले. तो आईबरोबर मागच्या रांगेत बसला होता, हे मला नंतर कळले. आता तो लगोरी रचताना मनातल्या मनात मोजतो.

यंदाची एकांकिका लिहून झाली आहे. गेल्या रविवारी त्याला वाचायला दिली आणि नको असेल ते खोडायला पेन्सिलही दिली. वही अजून त्याच्याकडेच आहे.